मागे-मागे येणारी गाडी

लांबच्या सायकल प्रवासाला निघताना सोबत काय घ्यावं, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. मी सांगते: दोन जादा ट्यूब, छोटा पंप, पंक्चरचं सामान, मीठ-साखरेच्या पुड्या, आणि आधी वापरून मऊ झालेली सायकलची चड्डी, कारण नव्या चड्डीने जे सोलून निघतं ते चारचौघांत सांगता येत नाही. काय घेऊ नये हे मात्र कुणी विचारत नाही. ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे. घरच्यांची गाडी घेऊ नये. ती मागून येणार असली तरी नको, पुढे जाऊन थांबणार असली तरी नको, आणि ‘आम्ही काय, सहज त्याच बाजूला निघालोय’ असं कुणी म्हणालं तर त्या दिवशी आपणच घरी बसावं.

माझं माहेर मिरज. कॉलेजात असताना मी सायकलवर नरसोबाच्या वाडीला निघाले, की वडील वर्तमानपत्रातून मान वर न करता ‘ये जाऊन’ म्हणायचे. लग्न होऊन इंदूरला आले आणि ‘ये जाऊन’ हे दोन शब्द माझ्या आयुष्यातून गेले. सासरची मंडळी पिढ्यांपूर्वी होळकरांच्या चाकरीत इथे आली आणि इथलीच झाली. मराठी बोलतात, रागावतात हिंदीत, आणि लाड करतात ते पोह्यांनी. घरातून कुणी नाक्यावर औषध आणायला निघालं तरी पहिला प्रश्न ‘सोबत कोण?’ हाच. हा नियम सगळ्यांना सारखा आहे, असं माझ्या सासूबाई सांगतात. माझे मोठे दीर मात्र रतलामला एकटे जाऊन येतात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही.

मी एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि चाळिशीनंतर लांब पल्ल्याच्या सायकलिंगला लागले आहे. या राईड शर्यती नसतात. दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटर अंतर ठरलेल्या वेळेत आपल्याआपण पार करायचं, एवढंच. अट एकच कडक आहे: ज्याची त्याने स्वतःची व्यवस्था बघायची. मागे घरची गाडी दिसली तर बाद.

गेल्या हिवाळ्यात मी चारशेला उतरले होते. धामनोदच्या अलीकडे अवकाळी पावसाने गाठलं. पत्र्याच्या एका हॉटेलात चहा घेत मी अंग गरम करत बसले होते. हातात वेळ भरपूर होता, कापरं थांबलं की निघायचं ठरवलं होतं. फोनवर माझा आवाज थरथरला, म्हणून माझा नवरा प्रसाद आणि मोठे दीर गाडी घेऊन हजर झाले. माझा चहा संपेपर्यंत सायकल टपावर चढून दोरीने बांधूनही झाली होती. बसतेस का, असं मला कुणी विचारलं नाही. सायकल टपावर चढली की माणूस आपोआप आत बसतो. तो राग अजून माझ्या पोटात आहे आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

म्हणून या वर्षी सहाशेला नाव घालण्याआधी सराव म्हणून एक मोठी फेरी ठरवली. इंदूरहून महू, जाम गेटचा घाट उतरून नर्मदेकाठी मंडलेश्वर, तिथून काठाकाठाने बडवाह, आणि भेरूघाट चढून परत इंदूर. पहाटे निघायचं आणि त्याच दिवशी घरी यायचं. ही फेरी मी जेवायला बसल्यावर, सगळ्यांसमोर, गावांच्या नावांसकट सांगितली. वर असंही म्हटलं, की या खेपेला मी गाडीत बसले, तर सायकल टपावरून उतरवायचीच नाही, तशीच कुणाला तरी देऊन टाकायची.

हे ऐकून मोठ्या दिरांचा चेहरा उजळला. भाऊजी बँकेतून निवृत्त झालेले, माणूस दिलदार, आणि अर्ध्या माळव्यात त्यांची ओळख.

“मी येतो मागे-मागे,” ते म्हणाले. “तुला डिस्टर्ब थोडीच करणार? तू आपली चालव आरामात.”

“भाऊजी, मागे गाडी नको असा नियमच आहे.”

“तो तर असली राईडचा. ही तर प्रॅक्टिस ना? प्रॅक्टिसमध्ये कोण बघून राहिलंय?”

“मी बघून राहिलेय,” मी म्हटलं. रागात माझ्याही तोंडून इथलंच मराठी निघतं.

“हद आहे,” सासूबाई म्हणाल्या. “जंगलातून जाणार एकटी, आणि म्हणे गाडी नको.”

मी प्रसादकडे पाहिलं. प्रसाद वाईट माणूस नाही. त्याला दोन्ही बाजू कळतात, आणि म्हणून तो कुठलीच घेत नाही. त्याने वाटीत आणखी वरण वाढून घेतलं.

सुदामा नगर ते महू

शनिवारी पहाटे थंडी अशी होती की हातमोज्यांतही बोटं बधिर. कचरागाडीसुद्धा अजून यायची होती. मी फाटक हळूच उघडलं, सायकल बाहेर काढली आणि पाहते तर भाऊजींची पांढरी गाडी इंजिन चालू करून उभी. डिक्कीत थर्मास, पोह्यांचा मोठा डबा, शेव, पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याची बाटली, संत्री, दोन ब्लँकेटं. चारही इंडिकेटर चालू, टिक-टिक, टिक-टिक.

“इंडिकेटर लावून ठेवतो,” काच खाली करून भाऊजी म्हणाले. “म्हणजे मागून येणाऱ्याला समजतं, पुढे मॅडम आहेत.”

महूपर्यंतचा रस्ता तसा ओळखीचा. इंदूर संपता संपत नाही आणि छावणीचं गाव सुरू होतं. रस्त्याकडेला पळणारे जवान, शिस्तीत लावलेली झाडं, चुना मारलेले दगड. मला हा पट्टा आवडतो. एरवी या वेळी इथे पक्षी ऐकू येतात. त्या दिवशी मला भाऊजींच्या उघड्या काचेतून टिक-टिक ऐकू येत होती आणि दर थोड्या वेळाने हॉर्न. हॉर्न वाजला की अर्थ असा, की थांब आणि काहीतरी खा.

लांबच्या सायकलिंगचा पहिला धडा सगळेच सांगतात: भूक लागायच्या आधी थोडं खावं, तहान लागायच्या आधी थोडं प्यावं. यातला ‘थोडं’ हा शब्द इंदुरात पोचलेला नाही. महूच्या अलीकडे पोहे, महूच्या चौकात जिलबी, छावणी ओलांडल्यावर पुन्हा पोहे, कारण ‘पहिले गार झाले होते’. प्रत्येक वेळी थांबायचं म्हणजे अंग गार पडतं, गुडघे आखडतात आणि पाय नव्याने फिरवावे लागतात. मी हे भाऊजींना नीट समजावून सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, मान डोलावली आणि विचारलं, “संत्रं सोलून देऊ?”

जाम गेट

महू सोडल्यावर गर्दी मागे पडते. गव्हाची हिरवी शेतं, हरभरा, मग साग आणि पळसाचं जंगल, आणि रस्ता डोंगरांतून वर-खाली करत माळव्याच्या कडेला येऊन थांबतो. तिथे होळकरांच्या काळातला दगडी दरवाजा उभा आहे. त्यातून पलीकडे गेलं की पायाखालून जमीनच निघून जाते. खाली दूरवर निमाड पसरलेला, धुक्यात बुडालेला, आणि त्या धुक्याच्या पलीकडे कुठेतरी नर्मदा. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी एकदा तरी जावं. शनिवार-रविवारी मात्र टाळावं, कारण दरवाजात मोबाईल धरून नाचणाऱ्यांची रांग असते आणि कणसं भाजणाऱ्यांचा धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जातो.

दरवाजापाशीच माझं मागचं चाक बसलं. खरं सांगते, मला आनंद झाला. पंक्चर काढण्याचा सराव रस्त्यावर, थंडीत, थकलेल्या हातांनी करायला हवा, तो घरच्या अंगणात होत नाही. मी सायकल उलटी केली, चाक काढलं, ट्यूब बदलली. पंप घ्यायला पिशवीकडे वळले, तेवढ्यात भाऊजी गाडीतला मोठा पायपंप घेऊन पोचले होते.

“भाऊजी, थांबा. याचा वॉल्व्ह वेगळा असतो.”

“अगं, हवा ती हवा. त्यात वेगळं काय?”

माझ्या ट्यूबचा वॉल्व्ह सुईसारखा बारीक असतो. टोकाचा चिमुकला नट आधी सैल करायचा, मग जपून पंप लावायचा. भाऊजींनी त्यांच्या पंपाचं जाड तोंड त्यावर दाबलं. जाईना, म्हणून वाकवून दाबलं. टच्च असा आवाज झाला आणि कोरी ट्यूब गेली.

“क्वालिटीच खराब आहे,” भाऊजी म्हणाले.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर ते प्रवासवर्णनात घालता आलं नसतं. माझ्याकडची दुसरी आणि शेवटची ट्यूब मी काढली, भाऊजींकडे पाठ करून बसले आणि छोट्या पंपाने हवा भरली. तोवर त्यांनी जमलेल्या लोकांना माझ्याबद्दल सगळं सांगून टाकलं होतं. ‘हमारी बहू है, छे सौ किलोमीटर जाने वाली है.’ लोकांनी सायकलबरोबर फोटो काढून घेतले. त्यातल्या दोघांनी भाऊजींबरोबर काढले.

उतार मी हाताशी ब्रेक ठेवून उतरले. वळणं तीव्र आहेत आणि खडी सुटलेली. जसजसं खाली यावं तसतशी हवा उबदार होत जाते. माळव्यातलं स्वेटर निमाडात काढावं लागतं. शेतांत कापसाच्या वेचण्या चालल्या होत्या, अंगणांत लाल मिरच्या वाळत होत्या, तिखट वास नाकात बसत होता. मला उतारावर वेग सोडायचा होता. पण मी वेग घेतला की गाडी वेग घ्यायची, आणि मागे चारचाकी लागलेली असताना सुटलेल्या खडीवरून सायकल सोडण्याइतकी मी धाडसी नाही.

मंडलेश्वर

मंडलेश्वरला मी फक्त पाणी भरणार होते. गावात शिरते तर एका घरासमोर मांडव. मांडवावर फ्लेक्स. फ्लेक्सवर माझा लग्नातला फोटो, नथीसकट, आणि वर ‘नारी शक्ती सम्मान’.

शालूमावशी ही प्रसादची सख्खी मावशी. ती इथल्या महिला मंडळाची अध्यक्ष आहे, हे मला तेव्हा कळलं. भाऊजींनी तिला आदल्या दिवशीच फोन करून ठेवला होता.

“ये गं बेटा, ये,” मावशी म्हणाली. “किती वेळची आम्ही रस्ता पाहून राहिलोय.”

“मावशी, मला बडवाह गाठायचंय. उन्हं आहेत तोवर निघायला हवं.”

“हो हो, निघशील ना. बस पाच मिनिटं.”

आमच्याकडे, म्हणजे मिरजेकडे, सत्कार होतो तो माणूस काहीतरी करून आल्यावर. कधी कधी तर गेल्यावर. इथे मी अजून अर्धी वाटसुद्धा कापली नव्हती. घामाने खारट झालेला टीशर्ट, गुडघ्यापर्यंतची चड्डी, आणि त्यावर शाल. हातात श्रीफळ. सोफ्यावर मला मधोमध बसवलं. मग भाषणं झाली. सर्वांत लांबलं ते भाऊजींचं. जाम गेटचा उतार किती धोक्याचा आहे, ते कसे क्षणभरही नजर न हटवता मागे राहिले, पंक्चर झालं तेव्हा ‘आम्ही’ कसं निभावलं, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने त्यांना विचारलं, “भाऊसाहेब, इतकं हळू गाडी चालवायची म्हणजे थकायला होत असेल ना?”

त्यानंतर जेवण. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, तुपात भिजलेले लाडू. जेवण अप्रतिम होतं आणि मला ते अप्रतिम आहे याचाही राग येत होता. पाच मिनिटं कसली, हात धुऊन बाहेर आले तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. बडवाहपर्यंत उजेड टिकला नसता, आणि भेरूघाट तर विसराच. दिवे होते माझ्याकडे, अंधारात चालवायची सवयही आहे. पण मावशीने सायकल आधीच ओसरीत आणून कुलूप लावून ठेवली होती.

“अंधारात बाईमाणसाने कुठे जायचं?” ती म्हणाली. “श्री पण थकलाय बिचारा.”

श्री म्हणजे भाऊजी. दिवसभर बसून होते बिचारे. मी न्हाणीघरात गेले, नळ मोठा सोडला आणि रागाने रडले. एका दिवसात पुरी करायची फेरी मोडली होती. माझे पाय ठणठणीत होते आणि तरी मोडली होती, मला कुणी न विचारता, पुन्हा.

संध्याकाळी नर्मदेवर गेले. मंडलेश्वरचा घाट शांत असतो. रुंद पाणी, पलीकडच्या काठावर एखादा दिवा, पायऱ्यांवर आरती करून परतणाऱ्या बायका. मी पाण्यात पाय सोडून बसले. भाऊजी दोन पायऱ्या वर बसले, टॉर्च घेऊन.

“उद्या भेरूघाट आहे,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “थकलीस तर सांग. लाज नको वाटू देऊस. गाडी आहेच.”

“आणि गाडीत बसले तर सायकल देऊन टाकायची, असं मी बोललेय.”

“तेच तर म्हणतोय. झालं ना इतकं? सत्कार पण झाला. आणखी काय पाहिजे?”

ते मनापासून बोलत होते, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. भांडायला निदान समोर वाईट माणूस तरी द्यावा. मला सत्कार नको होता, सहाशे हवे होते. आता त्यासाठी उरला होता तो एक घाट.

भेरूघाट

रविवारी उजाडताच निघाले. शाल मी गाडीत टाकली. श्रीफळही टाकत होते, पण मावशीने हात धरला. सत्काराचं श्रीफळ ज्याचं त्यानेच घरी न्यायचं असतं म्हणे, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. म्हणून तो नारळ सीटमागच्या पिशवीत कोंबला. सायकलवाले वजन कमी व्हावं म्हणून साबणाची वडीसुद्धा अर्धी कापून नेतात, आणि मी घाट चढणार होते नारळ घेऊन.

बडवाहपर्यंतचा रस्ता सपाट आणि सुरेख होता. टिक-टिक सोडून त्यात तक्रारीला जागा नाही. बडवाहला इंदूर-खंडव्याचा मोठा रस्ता लागतो आणि ट्रकांची रीघ सुरू होते. बलवाडा ओलांडून घाटाच्या पायथ्याशी आले, तर सगळं ठप्प. वरच्या वळणावर एक ट्रेलर आडवा झाला होता. रांगेचं शेपूट आमच्यापर्यंत आलं होतं. भाऊजींची गाडी एका टँकरच्या मागे अडकली. त्यांच्या मागे लगेच दुसरा ट्रक येऊन चिकटला.

ट्रक आणि डोंगर यांच्यामध्ये मात्र हातभर जागा होती. सायकलला तेवढी पुरते.

मी त्या फटीत शिरले. मागे हॉर्न वाजला. मग सलग वाजत राहिला. मग फोन.

“मेधा, जास्त पुढे नको जाऊ. तिथेच रुक. जाम खुलला की मी येतो.”

“जाम खुलला की या, भाऊजी,” मी म्हटलं आणि फोन खिशात टाकला.

दोन वळणं चढले आणि टिक-टिक थांबली. दोन दिवसांत पहिल्यांदाच मला माझी साखळी ऐकू आली, माझा श्वास ऐकू आला, झाडीतले सातभाई पक्षी ऐकू आले. भीती वाटली नाही असं नाही. एका बाजूला इंजिन बंद करून उभे असलेले ट्रक, दुसऱ्या बाजूला ओला खडक, कठड्यावर बसून माझ्या पिशवीकडे बघणारी वानरं. पण ही भीती माझी स्वतःची होती, आणि तिच्याशी कसं वागायचं ते मला समजत होतं. सर्वांत हलका गिअर, नजर दहा हात पुढे, घाई नाही.

आणि तिसऱ्या की चौथ्या वळणावर मागचं चाक पुन्हा बसलं.

जादा ट्यूब नव्हती. एक भाऊजींनी मोडली होती, दुसरी चाकात होती आणि तिच्यातच तार घुसली होती. मी सायकल कडेला घेतली, ट्यूब बाहेर काढली, पाण्याच्या बाटलीचं झाकण भरून तिच्यावर ओतत भोक शोधलं. घासलं, सोल्युशन लावलं आणि ते सुकायची वाट बघत बसले. समोरच्या ट्रकमधून ड्रायव्हर खाली उतरला. पन्नाशीचा, गळ्यात मफलर.

“मैडम, मैं कर दूँ?”

“नहीं भिया. मैं ही करूँगी.”

“ठीक है,” तो म्हणाला. “चाय तो पियोगी? बन री है.”

एवढंच. विचारलं, नको म्हटलं, ठीक आहे म्हटलं. मला त्याचे पाय धरावेसे वाटले. त्याने स्टोव्हवरचा चहा स्टीलच्या पेल्यात आणून दिला आणि चाकाकडे न बघता ट्रेलरवाल्याला मनमुराद शिव्या दिल्या. मीही त्यात भर घातली. ठिगळ बसलं, हवा भरली, टिकली. पेला परत केला आणि निघाले.

आडव्या ट्रेलरच्या कडेची फटही सायकलला पुरली, पण वरचा टप्पा जड गेला. मांड्या पेटल्या, पाठीत कळ आली, नारळ प्रत्येक पायडलला पिशवीत डावीकडून उजवीकडे जात होता. एकदा वाटलं की उतरावं आणि ढकलत न्यावं. तेवढ्यात खाली, पार पायथ्याशी, झाडांच्या फटीतून ती पांढरी गाडी दिसली. चारही इंडिकेटर अजून चालू होते. मी उतरले नाही.

सिमरोल

घाटमाथ्यावर सगळे सांगतात तसं मला काही भरून वगैरे आलं नाही. मला भूक लागली होती. सिमरोलच्या टपरीवर चहा घेतला, मावशीचा लाडू खाल्ला, गुडघे चोळले. इथून इंदूर म्हणजे घरचं अंगण. तेवढ्यात भाऊजींचा फोन आला.

“मेधा, बॅटरी उतरली.”

“फोनची?”

“गाडीची. इंडिकेटर चालूच होते ना सकाळपासून. इंजिन बंद ठेवलं, आणि आता स्टार्टच होत नाही.” त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. “जाम खुलून राहिलाय. मागचे हॉर्न मारून राहिलेत. तू ये ना परत. मी एकटाच आहे इथे.”

मी कपाकडे पाहत राहिले. परत जायचं म्हणजे सबंध घाट उतरायचा. खाली गेले की मेकॅनिक, मग संध्याकाळ, मग सायकल टपावर, मग ‘बस आता’. हे सगळं मला लख्ख दिसत होतं. आणि मनाला टोचतही होतं, ते नाकारत नाही. साठी ओलांडलेला माणूस, रस्त्यात अडकलेला. त्या टोचण्याचाही मला राग आला. कारण गेल्या वर्षी धामनोदला, पत्र्याखाली, असं कुणाला टोचलं नव्हतं.

“भाऊजी,” मी म्हटलं, “दिवस आहे. डबा भरलेला आहे, पाणी आहे, ब्लँकेट आहे. चारी बाजूंना माणसं आहेत, धक्का मारून गाडी कडेला घेतील. मी प्रसादला फोन करते, तो मेकॅनिक घेऊन येईल. मी येणार नाही.”

मी प्रसादला फोन केला. तो म्हणाला, “तू कुठेस?” मी म्हटलं, सायकलवर. “बरं,” तो म्हणाला, आणि लगेच निघाला. हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

तेजाजी नगर, भंवरकुआं, मग शहर. रविवार दुपारचं इंदूर, सरबताच्या गाड्या, लग्नाची वरात, बँडवाल्यांना चुकवत चुकवत सुदामा नगर. पाय आपोआप फिरत होते. घरच्या गल्लीत वळले तेव्हा मी जोरात, एकटीच, हसले.

घर

प्रसादने बहुधा आईंना कळवलं होतं, की मी येतेय. फाटक उघडं होतं. दारात सासूबाई उभ्या. हातात तबक, त्यात निरांजन, कुंकू, अक्षता. अंगात मीठ, हाताला काळं तेल, गुडघ्याला खरचटलेलं, अशी मी सायकल भिंतीला टेकवून समोर उभी राहिले. इतक्या वर्षांत त्या मला लांबच्या प्रवासानंतर ओवाळायला उभ्या राहिल्या नव्हत्या. क्षणभर मला वाटलं, झालं, कळलं यांना.

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे पाहिलं.

“श्री?”

“घाटात आहेत. प्रसाद गेलाय.”

“आणि तू त्याला एकट्याला सोडून आलीस?”

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी तबकातली वात बोटाने सारखी केली आणि तबक दाराशेजारच्या कट्ट्यावर ठेवलं.

“येऊ दे त्याला,” त्या म्हणाल्या. “मग दोघांना एकदमच ओवाळते.”

मी पिशवीतून नारळ काढला. घाट चढून आलेला, मंडलेश्वरच्या महिला मंडळाचा, माझा नारळ. पायरीच्या कडेवर आपटला. पहिल्याच घावात फुटला. पाणी निम्मं सांडलं, निम्मं मी तिथेच उभ्याने प्यायले. एक भकल तबकाशेजारी ठेवलं आणि आंघोळीला गेले.

भाऊजी अंधार पडायच्या सुमारास आले. त्यांना ओवाळलं गेलं. मला कुणी हाक मारायला आलं नाही आणि मीही बाहेर गेले नाही. नंतर जेवताना खोबऱ्याचा तुकडा चावत त्यांनी विचारलं, “मग मेधा, ते सहाशेवालं. त्याला कुठून-कुठून जातात?”

सहाशेला मी नाव घातलं आहे. घरी सांगितलं ते एवढंच, की जाणार आहे. रस्ता सांगितलेला नाही. तुम्हालाही सांगत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी भाऊजींच्या ओळखीचं निघेल.